अमेरिकेतल्या सिनियर हाउसिंगमध्ये राहायला जाताना: चावी मिळण्याआधी आणि मिळाल्यावर

कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी असलेल्या एका इमारतीत मी गेली नऊ वर्षं राहते आहे. सहाव्या मजल्यावर एका बेडरूमचं घर, खाली लॉबी, टपालपेट्यांची भिंत, लाँड्री आणि सगळ्यांचा मिळून एक हॉल. आले तेव्हा वाटलं होतं, चावी हातात आली की काळजी मिटली. पण खरी माहिती लागते ती चावी मिळाल्यानंतर, हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. इथले कितीतरी नियम राहणाऱ्याच्या बाजूने केलेले आहेत. मात्र ते कोणी दारावर येऊन समजावून सांगत नाही. आपल्याला ठाऊक असेल आणि आपण लेखी मागितलं तरच मिळतं. नव्याने येणाऱ्यांसाठी आणि आईवडिलांना इथे आणून ठेवण्याचा विचार करणाऱ्या मुलामुलींसाठी म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

सिनियर हाउसिंग म्हणजे वृद्धाश्रम नाही, असिस्टेड लिव्हिंगही नाही. इथे नर्स नसते, जेवण येत नाही, रात्री कोणी येऊन तुम्ही ठीक आहात का ते बघत नाही. ही साधी भाड्याची घरं आहेत. वयाची अट, उत्पन्नाची अट आणि परवडणारं भाडं एवढाच बाहेरच्या भाड्याच्या घरांपेक्षा फरक. स्वयंपाक, आंघोळ, औषधं हे सगळं आपलं आपण करायचं, किंवा त्यासाठी बाहेरून मदत लावायची. ‘आई आता सुरक्षित ठिकाणी आहे’ असं समजून दोन-दोन आठवडे फोन न करणारी मुलं मी पाहिली आहेत. इमारतीला कुलूप असतं, माणूस मात्र घरात एकटंच असतं, हे मुलांनी आधीच लक्षात घ्यावं.

इमारत कुठल्या योजनेतली, हे सगळ्यात आधी विचारा

बाहेरून या इमारती सारख्याच दिसतात, पण तुमचं भाडं, तुमचे हक्क आणि तक्रार कुठे करायची हे सगळं योजनेवर ठरतं. ऑफिसात पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

सेक्शन २०२ ही खास ज्येष्ठांसाठीची योजना १९५९च्या गृहनिर्माण कायद्यातून आली. घरातल्या एकाचं तरी वय किमान ६२ हवं आणि उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचं ज्याहून कमी आणि निम्म्यांचं जास्त असतं त्या आकड्याच्या) ५० टक्क्यांच्या आत हवं. या इमारती बहुधा चर्च, सिनेगॉग किंवा इतर ना-नफा संस्थांनी बांधलेल्या असतात आणि पैसा केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा असतो. त्या खात्याला सगळे ‘हड’ म्हणतात. प्रोजेक्ट-बेस्ड सेक्शन ८ मध्ये इमारत खाजगी मालकाची असली तरी भाड्याचा फरक सरकार भरतं. पब्लिक हाउसिंग ही स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीची मालमत्ता. या तिन्ही प्रकारांत साधारणपणे तुमच्या हिशोबी उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं पडतं. उत्पन्न घटलं की भाडंही घटतं.

चौथा प्रकार वेगळा आहे आणि फसगत तिथेच होते. १९८६च्या करकायद्यातून आलेल्या टॅक्स क्रेडिटवर, म्हणजे बांधणाऱ्याला मिळणाऱ्या करसवलतीवर, बांधलेल्या सिनियर इमारती नव्या, देखण्या आणि छान लॉबीच्या असतात. पण तिथलं भाडं तुमच्या उत्पन्नावर ठरत नाही. ते त्या भागाच्या मध्यम उत्पन्नावर ठरतं आणि त्याप्रमाणे वाढतं. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, थोडीच वाढली आणि भाडं जास्त वाढलं, तर भार सगळा तुमच्यावर. मी ज्यांच्याबरोबर सकाळी चालायला जायची त्या बाई अशाच इमारतीत होत्या. चार वर्षांत त्यांच्या निम्म्याहून जास्त पैसे भाड्यात जाऊ लागले आणि त्यांना लेकीकडे जावं लागलं. टॅक्स क्रेडिटच्या इमारतीत जाणार असाल तर हाउसिंग चॉइस व्हाउचरसाठी, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकार भरतं त्या मदतीसाठी, जरूर अर्ज करून ठेवा. केवळ व्हाउचर आहे म्हणून या इमारतींना तुम्हाला नाकारता येत नाही.

अर्ज आणि लांबलेली वाट

एकाच इमारतीत नाव घालून बसू नका. प्रत्येक इमारतीची वेटिंग लिस्ट वेगळी असते आणि अनेक ठिकाणी नंबर लागायला काही वर्षं जातात. पाच-सहा ठिकाणी अर्ज करा. ज्या तारखेला दिलात ती तारीख, कोणाच्या हाती दिलात ते नाव आणि अर्जाची प्रत, हे एका फायलीत ठेवा. सेक्शन २०२ आणि सेक्शन ८च्या इमारतींना अर्जाची फी घेता येत नाही. ‘शंभर डॉलर द्या, यादीत वर घेतो’ असं सांगणारा माणूस फसवणूक करतो आहे असंच समजा.

नाव यादीतून जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे टपाल. ‘तुम्हाला अजून घर हवं आहे का?’ असं विचारणारं पत्र अधूनमधून येतं आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर नाव काढतात. पत्ता बदलला, मुलाकडून मुलीकडे राहायला गेलात, तर प्रत्येक इमारतीला लेखी कळवा. शक्य असेल तर मुलाचा किंवा मुलीचा पत्ता आणि फोन दुसरा संपर्क म्हणून द्या. फॉर्मवर त्याची जागा असते.

कागदपत्रांत जन्मतारखेचा पुरावा, सोशल सिक्युरिटी कार्ड, उत्पन्नाची पत्रं, बँकेची स्टेटमेंट्स आणि स्थलांतराचा दर्जा दाखवणारे कागद लागतात. पब्लिक हाउसिंग आणि सेक्शन ८ साठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पात्र ठरतात. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील या मदतीला पात्र नाहीत. भारतात घर, जमीन, ठेवी असतील तर त्या लपवू नका. मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती सांगावी लागते. २०१६च्या एका कायद्याने सेक्शन ८ आणि पब्लिक हाउसिंगसाठी मालमत्तेला साधारण १ लाख डॉलरची मर्यादा घातली आहे. न सांगितलेली गोष्ट पुढे उघड झाली तर मागच्या वर्षांचा भाड्याचा फरक भरावा लागतो आणि घरही जाऊ शकतं. सोशल सिक्युरिटी आणि नोकरीच्या नोंदी ऑफिसला संगणकावर थेट दिसतात, त्यामुळे विसरलेली जुनी पेन्शनसुद्धा आधीच सांगून टाका.

सही करण्यापूर्वी घर स्वतः बघा

मॅनेजर घाई करतील, ‘यादीत पुढचा माणूस तयार आहे’ म्हणतील. तरी अर्धा तास मागून घ्या. बरोबर कोणीतरी असू द्या आणि फोनवर फोटो काढा.

न्हाणीघरापासून सुरुवात करा. पडण्याचा सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो. टबाला आणि कमोडला पकडायचे दांडे आहेत का, ते हलतात का, हे हाताने जोर लावून पाहा. भिंतीवर मदतीची दोरी असेल तर तिचं टोक जमिनीपासून ६ इंचांच्या आत असलं पाहिजे. सरकारी तपासणीचा तसा निकष आहे, कारण जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचायला हवा. माझ्या घरात आधीच्या कोणीतरी ती दोरी पुसायला आड येते म्हणून वर गुंडाळून बांधली होती. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तीन मजले खाली राहणाऱ्या एक बाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांची दोरी अशीच वर बांधलेली असल्याने रात्रभर फरशीवर पडून राहिल्या. हे कळलं त्या दिवशी घरी येऊन मी पहिलं काम केलं ते माझी दोरी सोडण्याचं. तुम्ही पहिल्याच दिवशी सोडा. आणि ती ओढली की नेमकं काय होतं तेही विचारा. काही इमारतींत दारावर फक्त दिवा लागतो आणि घंटा वाजते, फोन कोणालाच जात नाही.

मग स्वयंपाकघर. शेगडीचे चारही बर्नर लावून बघा, सिंकखालचं कपाट उघडून वास घ्या. कोपऱ्यात काळे बारीक ठिपके किंवा झुरळांची विष्ठा दिसली तर फोटो काढा. गादीच्या जागेजवळच्या भिंतीची कड, विजेच्या बटणांच्या कडा, पडद्याची दांडी इथे ढेकणांच्या खुणा दिसतात. धुराचा अलार्म बटण दाबून वाजवा. इंधनावर चालणारं हीटिंग किंवा गॅसची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा. खिडकी उघडते का, बंद होते का, तिला कडी आहे का ते बघा. नळाचं गरम पाणी किती वेळात येतं ते मोजा.

हे सगळं बघून झालं की ऑफिसबरोबर भरायचा तपासणीचा कागद असतो. त्यावर ‘ठीक’ एवढं लिहून सही करू नका. फरशीचा चरा, दाराचा ओरखडा, जे दिसेल ते लिहा. घर सोडताना तुमचं डिपॉझिट याच कागदावरून परत येतं.

भाड्याचा हिशोब स्वतः करून बघा

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण दरमहा पैसे वाचतात ते इथेच, म्हणून सावकाश वाचा.

३० टक्के हे तुमच्या एकूण उत्पन्नाचे नसतात. त्यातून काही वजावटी केल्यावर जे उरतं त्याचे असतात. ज्येष्ठ कुटुंबाला वर्षाला ४०० डॉलरची सरसकट वजावट अनेक वर्षं चालत आली. शिवाय औषधपाण्याचा जो खर्च तुम्ही स्वतःच्या खिशातून करता, तो वार्षिक उत्पन्नाच्या ३ टक्क्यांहून जितका जास्त, तितका वजा होतो. समजा महिन्याला १,००० डॉलर येतात, म्हणजे वर्षाचे १२,०००. वैद्यकीय खर्च काहीच दाखवला नाही तर १२,००० वजा ४०० म्हणजे ११,६००. महिन्याचे साधारण ९६७ आणि भाडं २९० डॉलर. आता समजा वर्षभरात चष्मा, दात, औषधं आणि विम्याचे हप्ते मिळून १,५०० डॉलर गेले. ३ टक्के म्हणजे ३६०. त्यावरचे १,१४० वजा होतात, उरतात १०,४६०, आणि भाडं येतं २६२ डॉलर. महिन्याला २८ डॉलरचा फरक फक्त पावत्या दाखवल्यामुळे पडतो.

वर सांगितलेल्या २०१६च्या कायद्याने ही सरसकट वजावट ५२५ डॉलर केली, आणि वैद्यकीय खर्चाची रेषा ३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेली. त्या पद्धतीने वरच्याच माणसाचं भाडं २७९ होतं. हा बदल टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, म्हणून ‘माझा हिशोब जुन्या नियमाने केलात की नव्या?’ हे ऑफिसला विचारा आणि हिशोबाच्या फॉर्मची प्रत घ्या. प्रत मागण्यात संकोच करू नका.

वैद्यकीय खर्चात लोक बऱ्याच गोष्टी धरायला विसरतात. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता तुमच्या पैशातून कापला जात असेल तर तो, श्रवणयंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या, दवाखान्यात जाण्यायेण्याचं भाडं, डॉक्टरांनी लिहून दिलेली पण दुकानात सहज मिळणारी औषधं. विम्याने परत दिलेला खर्च मात्र चालत नाही. मी बुटांचा एक रिकामा खोका ठेवला आहे. वर्षभर प्रत्येक पावती त्यात जाते.

विजेचं बिल तुम्हीच भरत असाल तर त्यापोटी ठरावीक रक्कम भाड्यातून वजा व्हायला हवी. तिला युटिलिटी अलाउन्स म्हणतात. ती दिली आहे का ते बघा.

आता मुलांसाठी एक सूचना. आईच्या खात्यात दर महिन्याला दोनशे डॉलर टाकलेत, किंवा तिचं फोनचं बिल नियमित भरलंत, तर ती रक्कम तिचं उत्पन्न म्हणून धरली जाते आणि भाडं वाढतं. वाढदिवसाला दिलेली एखादी भेट तशी धरत नाहीत. घरी किराणा आणून दिलात तर तोही उत्पन्नात मोजत नाहीत. म्हणून नियमित रोख देण्यापेक्षा शनिवारी जिन्नस घेऊन या. आईला भेटही होईल.

वर्षातून एकदा येणारं रिसर्टिफिकेशन

दर वर्षी उत्पन्नाची नव्याने तपासणी होते. हडच्या इमारतींत आठवणीची पत्रं १२०, ९० आणि ६० दिवस आधी येतात. पहिलं पत्र आलं की त्याच आठवड्यात कामाला लागा. मुदत चुकली तर अनुदान थांबतं आणि बाजारभावाचं भाडं आकारलं जातं. दुसऱ्या वर्षी मी मुलाकडे गेले होते आणि पत्रं पेटीत पडून राहिली. शेवटच्या आठवड्यात मॅनेजरबाईंनी फोन केला म्हणून वाचले. सगळे मॅनेजर फोन करत नाहीत. मध्येच उत्पन्न घटलं किंवा मोठा वैद्यकीय खर्च आला तर वर्षअखेरची वाट पाहू नका, लगेच फेरहिशोब मागा.

दुरुस्ती: तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदत नाही

मेंटेनन्सचा माणूस लॉबीत भेटतो, हसतो, ‘बघतो उद्या’ म्हणतो. त्याचं खरंच तसं मनात असतं, पण त्याच्यामागे शंभर घरं आहेत. वर्क ऑर्डर लिहून द्या किंवा ईमेल करा, तिचा नंबर घ्या आणि तारीख कॅलेंडरवर टाका. इंग्रजी जमत नसेल तर नातवाकडून चार ओळींचा एक नमुना लिहून घ्या. प्रत्येक वेळी फक्त तक्रार आणि तारीख बदलायची.

२०२३पासून हडच्या इमारतींची तपासणी नव्या पद्धतीने होते. १००पैकी गुण देतात आणि ६०च्या खाली गेलेली इमारत नापास धरतात. तपासणीत जिवाला धोका असलेली गोष्ट सापडली, उदाहरणार्थ धुराचा अलार्म नसणं किंवा उघड्या वायरी, तर ती २४ तासांत दुरुस्त करावी लागते. हिवाळ्यात, म्हणजे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, घरातलं तापमान ६८ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ नये असाही निकष आहे. माझ्या पहिल्या जानेवारीत रेडिएटर कोमट राहायचा. मी स्वेटरवर स्वेटर चढवून गप्प बसले होते. शेजारच्या बाईंनी एक साधा थर्मामीटर आणून दिला आणि म्हणाल्या, रोज तीन वेळा आकडा लिही, फोटो काढ. ६१, ६२, ६०. पाच दिवसांचा कागद ऑफिसात दिला, प्रत माझ्याकडे ठेवली. सहाव्या दिवशी व्हॉल्व्ह बदलला. त्याआधीच्या तीन आठवड्यांच्या तोंडी विनवण्यांनी काही झालं नव्हतं.

ऑफिसने ऐकलंच नाही तर हडची अनेक कुटुंबं राहतात अशा (मल्टिफॅमिली) इमारतींसाठीची तक्रारलाइन आहे: १-८००-६८५-८४७०. पब्लिक हाउसिंग असेल तर हाउसिंग ऑथॉरिटीकडे जायचं. शहराच्या बांधकाम किंवा आरोग्य निरीक्षकालाही बोलावता येतं, तिथे कुठल्याही प्रकारची इमारत चालते. तक्रार केली म्हणून घरातून काढतील ही भीती बहुतेकांना असते, मलाही होती. हडच्या इमारतींत योग्य कारण आणि लेखी नोटीस असल्याशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. तक्रार करणं हे तसं कारण नाही.

गुडघे, हात, कान साथ देईनासे झाले की

याला इथे ‘रिझनेबल अकोमोडेशन’ म्हणतात. हे शब्द पाठ करून ठेवा, कारण अर्जावर ते असले की ऑफिसला उत्तर द्यावंच लागतं. टबाऐवजी बसून आंघोळ करता येईल अशी सोय, कमी ऐकू येणाऱ्यासाठी दिवा लागणारा अलार्म, खालच्या मजल्यावरचं घर, दाराजवळची पार्किंगची जागा, हे सगळं यात मागता येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत आजाराचं नाव नसलं तरी चालतं, काय गरज आहे तेवढं पुरतं. केंद्राच्या थेट मदतीवर चालणाऱ्या इमारतींत दांडे बसवण्यासारख्या बदलांचा खर्च सहसा मालकाने करायचा असतो. १९७३च्या पुनर्वसन कायद्याचं सेक्शन ५०४ तसं सांगतं. नुसत्या टॅक्स क्रेडिटच्या इमारतीत परवानगी मिळते, पण खर्च तुमच्यावर येऊ शकतो. नकार आला आणि तो अन्यायाचा वाटला तर फेअर हाउसिंगचा, म्हणजे घरांबाबतच्या भेदभावाच्या तक्रारींचा, नंबर १-८००-६६९-९७७७.

रात्रीही माणूस जवळ लागत असेल तर लिव्ह-इन एड मागता येते. तिचं उत्पन्न तुमच्या भाड्यात धरत नाहीत, मात्र तुमच्यानंतर त्या घरावर तिचा हक्क राहत नाही.

उन्हाळा आणि लिफ्ट

थंडीसाठी नियम आहेत, पण एअर कंडिशनर असलाच पाहिजे असा केंद्राचा नियम नाही. १९९५च्या जुलैत शिकागोच्या उष्णतेच्या लाटेत ७००हून अधिक माणसं गेली. त्यांत एकटे राहणारे ज्येष्ठ फार होते. मे २०२२मध्ये त्याच शहरातल्या रॉजर्स पार्क भागात ज्येष्ठांच्या एका इमारतीत तीन स्त्रिया घरात मृत सापडल्या. बाहेर ऊन तापलेलं असताना इमारतीचं हीटिंग चालूच होतं. त्यानंतर शहराने अशा इमारतींत निदान एक थंड सामायिक जागा सक्तीची केली. तुमच्या इमारतीत थंड खोली कुठे आहे, ती रात्री उघडी असते का, खिडकीतला एसी लावायला परवानगी आणि जादा पैसे लागतात का, हे मे महिन्याच्या आधी विचारा. विजेच्या बिलासाठी आणि काही राज्यांत एसीसाठीही लिहीप नावाच्या योजनेतून मदत मिळते.

लिफ्ट बंद पडणं ही इथली नेहमीची व्यथा. २०१२च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्कच्या उंच इमारतींत कित्येक म्हातारी माणसं दिवसचे दिवस वरच अडकली होती. आठवड्याची औषधं, तीन दिवसांचं पाणी, टॉर्च आणि भरलेली पॉवर बँक घरात असू द्या. ऑक्सिजन मशीन वापरत असाल तर वीज कंपनीकडे तशी नोंद करा आणि निवड असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या वर घर घेऊ नका. वरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी मी सहावा मजला घेतला. आज पुन्हा निवडायची झाली तर घेणार नाही.

पाहुणे आणि लांबचे प्रवास

घरात कोण किती दिवस राहू शकतं हे हाउस रूल्समध्ये असतं, बरेचदा १४ दिवस. त्याहून जास्त मुक्काम असेल तर आधी लेखी विचारा.

प्रवासाचं आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावं. हडच्या इमारतींच्या नियमांत ६० दिवसांहून जास्त सलग गैरहजर राहिल्यास घर सोडलं असं धरता येतं. आजारपणासाठी ही मुदत १८० दिवसांची असते. तुमच्या लीजमध्ये काय लिहिलं आहे ते तिकीट काढण्यापूर्वी वाचा. एसएसआय (गरजू ज्येष्ठांना दरमहा मिळणारी केंद्राची मदत) मिळत असेल तर नियम आणखी कडक आहे. सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलात तर ती थांबते आणि परत आल्यावर सलग ३० दिवस इथे राहिल्याशिवाय सुरू होत नाही. चार महिने भारतात राहून परतलेल्या एका गृहस्थांना दारावर नोटीस चिकटवलेली मिळाली. वकिलाच्या मदतीने घर वाचलं, पण त्यात गेलेल्या तीन महिन्यांत त्यांची झोप उडाली होती.

शेजार

पातळ भिंती, मोठ्याने चालणारा टीव्ही, सिगरेटचा वास, लॉबीतल्या कुजबुजी, हे सगळं असतं. पब्लिक हाउसिंगमध्ये ३० जुलै २०१८पासून घरात धूम्रपानाला बंदी आहे. इतर इमारतींत ते त्या-त्या नियमांवर आहे. काही जुन्या इमारतींत अपंगत्व असलेली तरुण माणसंही राहतात. सुरुवातीला मी घाबरायची. त्यातल्याच एकाने पुढे कितीतरी वेळा माझ्या पिशव्या वर आणून दिल्या.

रस्त्यावर टाकलेली गादी किंवा सोफा कितीही चांगला दिसला तरी घरात आणू नका. ढेकूण तसेच येतात. दिसले तर लाजेने लपवू नका, त्याच दिवशी लेखी कळवा. उशीर झाला की भिंतीपलीकडच्या घरात जातात. हडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या फवारणीचा खर्च भाडेकरूकडून मागता येत नाही.

फोडणी देताना धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्यावर प्लास्टिक बांधणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. पंखा लावा, खिडकी उघडा, झाकण ठेवा. तपासणीत झाकलेला अलार्म सापडला तर नोटीस येते, आणि आग लागली तर फक्त तुमचं घर जळत नाही.

भाडेकरूंना आपली संघटना करण्याचा, हॉलमध्ये बैठक घेण्याचा आणि दारांखालून पत्रकं सरकवण्याचा हक्क हडच्या इमारतींत नियमाने आहे. बैठकीला मॅनेजरला बसू देण्याचं बंधन नाही. आमच्याकडे लाँड्रीतली दोन यंत्रं आठ महिने बंद होती. सत्तावीस सह्यांच्या पत्रानंतर दोन आठवड्यांत नवी आली.

आणि एक गोष्ट आजच ठरवा. समोरच्या किंवा शेजारच्या एका माणसाशी रोजची खूण ठेवा. मी सकाळी नऊला दाराच्या मुठीला एक लाल फीत लावते, समोरच्या बाई त्यांची निळी लावतात. दहापर्यंत फीत दिसली नाही तर दार वाजवायचं, उत्तर आलं नाही तर ऑफिसला आणि ९११ला फोन. दोन वर्षांपूर्वी त्यांची फीत दिसली नाही. त्या पलंगाजवळ पडलेल्या होत्या, शुद्धीवर होत्या. आज पुन्हा चालतात.

मदत कुठून आणायची

इमारतीत सर्व्हिस को-ऑर्डिनेटर आहे का ते विचारा. असेल तर पहिल्याच आठवड्यात भेटा. त्या स्वतः शुश्रूषा करत नाहीत, पण घरी येणारी मदतनीस, दुपारचं जेवण, दवाखान्याची गाडी यांचे अर्ज त्याच भरून देतात. नसेल तर तुमच्या भागातली एरिया एजन्सी ऑन एजिंग, म्हणजे ज्येष्ठांना मदत मिळवून देणारी संस्था, शोधा, नंबर १-८००-६७७-१११६. ज्येष्ठांसाठीच्या १९६५च्या कायद्याखाली ६० वर्षांवरच्या कोणालाही सामुदायिक जेवण मिळतं. देणगी सुचवतात, पण दिली नाही म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत. स्नॅप या किराण्यासाठीच्या सरकारी मदतीसाठीही अर्ज करा, आणि तिथेही वैद्यकीय पावत्या दाखवा. साठीनंतर महिन्याला ३५ डॉलरच्या वरचा वैद्यकीय खर्च त्या हिशोबातही वजा होतो. पावत्यांचा तोच खोका दोन्हीकडे कामाला येतो. बाकी कशासाठी कुठे जायचं ते सुचलं नाही तर २११ फिरवा.

हे सगळे नंबर, लीजची प्रत, औषधांची यादी आणि मुलांचे फोन एका पाकिटात घालून फ्रिजच्या दारावर लावा. रुग्णवाहिकेची माणसं घरात आली की बरेचदा तिथेच बघतात.